निरंक

आपल्याच घरात, आपल्याच आरामखुर्चीपाशी, आपल्याच बायकोने "बसा ना साहेब, उभे का?" असं म्हणावं, यापरता अपमान तो कोणता? पुरुषोत्तम विष्णू सबनीस, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता, वय वर्षं एक्याऐंशी, यांना त्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता तो सोसावा लागला.

बरं, बाई तुसडेपणाने म्हणाल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्या अगदी अदबीने उठल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "घाटात त्रास नाही ना झाला? दरड पडली होती म्हणे. बोर्ड सगळा स्वच्छ ठेवलाय साहेब. कालचा एकही कॉल तुंबलेला नाही."

"सुनेत्रा," सबनीस म्हणाले, "मी आहे."

"हो ना साहेब. चहा सांगू?"

सबनीसांनी तिच्या उजव्या कानामागच्या करड्या मण्याकडे पाहिलं. सत्तावन्न वर्षांच्या संसारात ही बाई त्यांच्याशी इतक्या मोकळेपणाने बोलली नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते एवढंच, की त्या मण्यातून कोणीतरी तिला काहीतरी सांगतंय, आणि ते आपण मंजूर केलेलं नाही.

त्या मण्याचं नाव 'सांगाती'. तोपर्यंत साताऱ्यात साठ-सत्तर घरांत तो पोचला होता. स्मृतिभ्रंशात आठवणी उलट्या क्रमाने जातात. कालचं जेवण आधी जातं, मग नातवंडं, मग मुलं, मग लग्न. बालपण आणि तारुण्याची सुरुवात सगळ्यात शेवटी, कारण ज्या आठवणी जास्त वर्षं उगाळल्या गेल्या त्यांच्या मुळ्या मेंदूत लांबवर पसरलेल्या असतात. सांगाती गेलेल्या आठवणी परत आणत नसे. तो फक्त वेळेवर आठवण करून देई. साडीच्या पिनेतला बारीक कॅमेरा समोरचा माणूस ओळखायचा, आणि कानामागच्या हाडातून मणी हळूच सांगायचा, ही तुमची मुलगी ऋजुता, पुण्याहून आली आहे. ऐकू फक्त जिच्या हाडाला मणी टेकलाय तिलाच जायचं. मनगटावरची पट्टी नाडी आणि तळहाताचा घाम मोजत राहायची.

यंत्राची खरी अक्कल या पट्टीत होती. कोणत्या वाक्याने नाडी उसळली आणि कोणत्या वाक्याने ती खाली आली, हे सांगाती दिवसभर टिपायचा. जे वाक्य शांत करी ते ठेवायचं, जे घाबरवी ते बदलायचं. खरं काय नि खोटं काय हे त्याला कळत नव्हतं. त्याला कळत होती फक्त नाडी.

अर्थात सुरुवातीला त्याला माणसाची माहिती भरवावी लागे. त्यासाठी तीनशे बारा प्रश्नांचा एक 'जीवनपट' होता. सबनीसांनी तो मुद्दाम कागदावर मागवला आणि चार दिवस जेवणाच्या टेबलावर बसून एकट्याने भरला. मुलीला जवळ फिरकू दिलं नाही. पहिला भाग होता 'जन्म ते विवाह', प्रश्न चौऱ्याहत्तर. शाळेत कोणत्या नावाने हाक मारत? पहिली नोकरी? कशाची भीती वाटे? सबनीसांनी त्या सबंध भागावर लाल पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढली आणि खात्याच्या हजारो रिकाम्या तक्त्यांवर लिहिला होता तोच शब्द लिहिला: निरंक.

त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही. बायको घरी आली ती सुनेत्रा म्हणून. ते नाव त्यांनीच निवडलं होतं आणि ताटातल्या तांदळावर अंगठीने त्यांनीच लिहिलं होतं. तिचं माहेरचं नाव शालन होतं, हे ऋजुताला कळलं तेव्हा ती चाळिशीची होती, तेही आजीच्या पेटीतल्या एका जुन्या पाकिटावरून. महाडला काही नोकरीबिकरी करत होती म्हणे. पण सबनीसांची बदलीची नोकरी, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटला.

'विवाहानंतर' या भागात मात्र त्यांचा हात आखडला नाही. नुसत्या बघण्याच्या कार्यक्रमावर तीन पानं झाली. टिपणिसांच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे हे आपण बसल्या बसल्या कसं ओळखलं आणि भावी सासऱ्यांना कसं सांगितलं, हा किस्सा ते गेली सत्तावन्न वर्षं प्रत्येक लग्नात सांगत. लोकही बिचारे हसत.

आणि आता बारा दिवसांवर त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. मंगल कार्यालय ठरलेलं, दीडशे माणसांना आमंत्रणं गेलेली. विधीला बायको शेजारी लागते, उजव्या हाताला हात लावून बसलेली. ती नवऱ्याला 'बसा साहेब' म्हणाली, तर? सबनीस रागावले होते, पण खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी ते घाबरले होते. जिने आपल्याला सत्तावन्न वर्षं रोज पाहिलं, तिच्याच डोक्यातून आपण पुसले गेलो, तर आपण जगलो याला साक्षीदार कोण उरला?

मंगळवारी त्यांनी तबस्सुम मुजावरला बोलावून घेतलं. सांगाती लावलेल्या घरांना भेटी देणं हे तिचं काम.

"हे यंत्र खोटं बोलतं," सबनीस म्हणाले, "आणि तेही माझ्या आवाजात!"

"तुमच्या आवाजात नाही सर," तबस्सुम म्हणाली. "तुमचा आवाज त्याने तिसऱ्याच आठवड्यात बंद केला."

"कोणाला विचारून?"

"नाडीला."

तिने टॅबवर आलेख उघडला. सबनीसांच्या आवाजात 'हे तुमचे यजमान' असं सांगितलं की काकूंची नाडी एकशे अठरा. मग यंत्राने 'डॉक्टर आलेत' म्हणून पाहिलं, ब्याण्णव. 'शेजारचे गृहस्थ', चौऱ्याऐंशी. मधल्या काळात काकूच आपणहोऊन बोलायला लागल्या होत्या. कानात आवाज आला की त्या म्हणत, "महाड एक्स्चेंज. नंबर सांगा." यंत्राने विचारलं, त्यांनी सांगितलं. रोज दुपारी दोन-दोन तास. शालन विनायक टिपणीस, टेलिफोन ऑपरेटर, अजून प्रशिक्षणात, आठ महिने झाले. पर्यवेक्षक पेडणेकरबाई, कडक पण मायाळू. आता सांगाती पेडणेकरबाई होऊन बोलायचा, आणि सबनीस खोलीत आले की सांगायचा, इन्स्पेक्शनला खात्याचे साहेब आलेत. नाडी शहात्तर.

"पहिला भाग कोरा होता ना," तबस्सुम म्हणाली. "तो त्याने स्वतःच भरून काढला. एकसष्ट पानं झालीत. वाचायचीत?"

"मला माझ्या बायकोबद्दल यंत्राकडून शिकायचं नाही. याला परवानगी कोणी दिली?"

"तुम्हीच. पान चौदा. 'तणाव कमी करण्यासाठी संबोधनात आणि आवाजात योग्य ते बदल.' खाली तुमची सही आहे."

कंत्राटदारांकडून बारीक अक्षरातल्या अटी मोठ्याने वाचून घेण्यात ज्यांची हयात गेली, त्या सबनीसांनी ते पान न वाचता सही केली होती. त्यामुळे ते अधिकच भडकले.

"बाबा, आई जेवतेय," ऋजुता मध्ये पडली. महिनाभराची रजा काढून ती आली होती. "चार महिन्यांनी पोटभर जेवतेय. हसतेय."

"कुठे जेवतेय? महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजात!"

"मग जेवू दे ना तिथे."

"तू गप्प बस. लहानपणापासून आईची बाजू घ्यायची खोड आहे तुला."

"कोणीतरी घ्यायला हवी होती," ऋजुता म्हणाली.

सबनीसांनी तिच्याकडे पाठ केली. "मुजावर मॅडम, कुलूप घाला. तिचं नाव सुनेत्रा, मी तिचा नवरा, आवाज माझा. मी लिहिलंय त्यापलीकडे एक अक्षर नको."

"कुलूप घालता येतं," तबस्सुम म्हणाली. "पण मग काकूंना कितीही त्रास झाला तरी ते बदलणार नाही. माझं मत विरुद्ध आहे. मी तशी लेखी नोंद करणार."

"करा. नोंदी मी तुमच्या जन्माआधीपासून करतोय."

कुलूप घातलं गेलं. सोबत सबनीसांनी स्वतः रचलेला एक उखाणाही यंत्रात चढवला. समारंभात बायका 'नाव घ्या' म्हणून मागे लागणार, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं.

आणि यंत्र चाललं की! दुसऱ्याच दिवशी सुनेत्राबाई म्हणाल्या, "माझं नाव सुनेत्रा. हे माझे यजमान. आज बुधवार." एकही चूक नाही. छडी घेऊन मास्तर डोक्याशी उभे असताना पोरगी पाढे म्हणते तसं त्या म्हणत, नजर जमिनीला लावून. मणी काढायला गेल्या तर सबनीस त्यांचा हात धरत. दुपारच्या गप्पा बंद झाल्या. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. पाचव्या दिवशी सबनीस त्यांचा पदर नीट करायला वाकले, तेव्हा त्या त्यांच्या मनगटाला कडकडून चावल्या.

सबनीस त्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले. नाडीचा आलेख त्यांच्या फोनवर येत असे; तो फोन ते टेबलावर पालथा ठेवत.

"एकशे वीसच्या खाली येत नाहीये ती!" ऋजुता ओरडली. "तुम्हाला दिसत नाही की बघायचंच नाही?"

"कार्य होऊ दे. मग बघू."

"कोणाचं कार्य, बाबा?"

सबनीस आमंत्रणांची यादी तपासू लागले. बापलेकीतलं बोलणं त्यानंतर मीठ दे, दार लाव एवढ्यावर आलं.

कार्याच्या दिवशी कार्यालय माणसांनी भरलं. सबनीस नव्या उपरण्यात पाटावर बसले होते, शेजारच्या पाटावर जरीच्या हिरव्या साडीत सुनेत्राबाई. ऋजुता खांबाला टेकून हाताची घडी घालून उभी होती. तबस्सुमलाही सबनीसांनी आग्रहाने बोलावलं होतं; तिने पाहावं, हा त्यातला भाग. गुरुजींनी सांगितलं तसा बाईंनी यजमानांच्या हाताला हात लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या नावाने ओळखत होत्या. "अगदी पूर्वीसारख्या आहेत हो!" असं एक चुलत वहिनी म्हणाल्या, आणि सबनीसांनी तबस्सुमकडे मान वळवून पाहिलं.

मग व्हायचं तेच झालं. "काकू, नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय आज सुटका नाही!"

सबनीस ताठ बसले. सुनेत्राबाईंनी मान खाली घातली, कान दिला, आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"हजार चंद्र पाहिले, धरणं बांधली चार…"

इतकं म्हणून त्या थांबल्या. पुढची ओळ सबनीसांना पाठ होती, कारण ती त्यांचीच होती: पुरुषोत्तमरावांच्या शिस्तीने झाला सुखाचा संसार. त्यांचाच आवाज ती तिच्या हाडातून तिला पुन्हा पुन्हा सांगत असणार, हेही त्यांना माहीत होतं. बायका पुढे झुकल्या. सुनेत्राबाईंच्या वरच्या ओठावर घाम आला.

"पुढचं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "माझं लग्न झालेलं नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी सबनीसांच्या हातावरचा हात काढून घेतला.

"आणि हा कोण माणूस माझ्या कानात सारखा? लाईन सोडा! लाईन सोडा म्हणते ना!"

त्यांनी मणी ओरबाडून काढला आणि समोरच्या ताम्हणात टाकला. मग त्या उठल्या आणि दीडशे माणसांच्या मधून, कोणाकडेही न पाहता, मागच्या कोठीच्या खोलीत निघून गेल्या. ताम्हणातल्या पाण्यावर बारीक थरथर उठत राहिली. मणी अजून बोलतच होता.

सबनीस तिरीमिरीत उठले. "कोणी येऊ नका," असं म्हणून ते कोठीत शिरले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

खोलीत पातेली, सतरंज्या, आणि भिंतीवर किल्ल्यांचा एक लांबरुंद बोर्ड. तीन ओळींत पितळी आकडे, प्रत्येकाला नंबर. त्या बोर्डासमोर स्टूल ओढून ती बसली होती, पाठ सरळ ठेवून.

"सुनेत्रा, चल. शोभा झाली तेवढी पुरे."

तिने दचकून वळून पाहिलं आणि दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरले.

सबनीस जागीच थांबले. आपण बायकोवर कधी हात उगारला नाही, हा त्यांचा मोठा अभिमान होता. चारचौघांत सांगितलेलाही. मग हे हात कशासाठी वर गेले होते? हिरव्या बांगड्या मागे घसरल्या होत्या. कोपरापाशी त्यांच्याच बोटांचे वळ होते, तिला मणी काढू दिला नव्हता तेव्हाचे. ते त्यांना आज पहिल्यांदा दिसले.

आता मणी नव्हता. हा माणूस कोण आहे, हे तिला सांगायला कोणी नव्हतं. ते त्यांनाच सांगावं लागणार होतं.

"शालनबाई," ते अखेर म्हणाले. त्या नावाने त्यांनी तिला आयुष्यात कधी हाक मारली नव्हती. "मी… साहेब. इन्स्पेक्शनला आलोय."

हात हळूहळू खाली आले.

"अगंबाई, साहेब! बसा ना. मला वाटलं, तो मघाचाच माणूस."

ते एका पालथ्या पातेल्यावर बसले. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"साहेब, एक विचारू? स्टाफला खाजगी कॉल लावता येत नाही, ठाऊक आहे मला. पण उद्या घरून पत्र जाईल. त्याच्याआधी पोचायला हवं."

"कुठे लावायचाय?"

"साताऱ्याला. सबनीसांकडे. परवा त्यांचा मुलगा मला बघून गेला. अप्पांनी होकार ठरवून टाकलाय."

"मग?"

"मुलगी नाही म्हणते, एवढंच सांगायचं. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. तुम्ही सांगाल?"

बाहेर सनईची टेप कोणीतरी मोठी केली.

"मुलगा वाईट आहे का?"

"छे छे! वाईट कसला? इंजिनियर आहे, निर्व्यसनी, घरचं चांगलं." तिने थोडा विचार केला. "पण साहेब, मी पोहे घेऊन गेले तर त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावरचं घड्याळ बघत होता. पाच मिनिटं पुढे आहे म्हणाला अप्पांना. ते मीच पुढे लावलेलं. ड्यूटीला उशीर होऊ नये म्हणून. मला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?"

सबनीसांनी उपरणं सारखं केलं.

"जन्मभर माझी घड्याळं बरोबर करत बसेल तो," ती म्हणाली. "आणि पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा आहे. पास झाले की कायम होईन. पेडणेकरबाई म्हणतात, बोर्डावर माझ्याइतका कोणाचा हात चालत नाही."

सत्तावन्न वर्षं हा किस्सा ते सांगत होते. ती प्रत्येक वेळी तिथेच, पंगतीत वाढत नाहीतर पाहुण्यांच्या मागे उभी असायची. एकदाही तिने तोंड उघडलं नव्हतं. तिला काही सांगायचं असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"लावा कॉल," ते म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. तिने चौदा नंबरची किल्ली काढून तिसऱ्या ओळीत अडकवली, एक हात कानाशी नेला. "सातारा? महाड बोलतेय. अर्जंट आहे हं… बोला साहेब. तीन मिनिटं."

सबनीसांनी रिकामी मूठ कानाला लावली. असा वेडेपणा त्यांनी लहानपणीही केला नव्हता.

"हॅलो. सबनीस का? महाडहून बोलतोय. टिपणिसांची मुलगी नाही म्हणते." ते थांबले. "नाही, कारण आता विचारू नका. तुम्ही समोर बसला होतात तेव्हा विचारायचं होतंत."

त्यांनी मूठ खाली केली.

"काय म्हणाले?" तिने श्वास रोखून विचारलं.

"ठीक आहे म्हणाले."

"चिडले का?"

"नाही. जरा गप्प झाले."

ती हसली. तोंडावर पदर न धरता, खांदे हलवत, वीस वर्षांच्या मुलीसारखी हसली. बायकोला असं हसताना सबनीसांनी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहायला मिळालं, आणि ते त्यांच्या हातून सुटल्याचं हसणं होतं.

"फार उपकार झाले साहेब," ती म्हणाली, आणि बोर्डाकडे वळून किल्ल्या नंबरवार लावू लागली.

सबनीस बाहेर आले. गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "यजमान, मुहूर्त टळतोय. बाईंना बरं नसेल तर हरकत नाही. त्यांच्या जागी सुपारी ठेवू या. शास्त्राला चालतं."

"शास्त्राला चालेल," सबनीस म्हणाले. "ती नाही म्हणालीय. सुपारी नको."

त्यांनी ताम्हणातून मणी उचलला, नव्या उपरण्याला पुसला आणि तबस्सुमच्या हातावर ठेवला. ऋजुता कोठीकडे धावत निघाली होती. तिला त्यांनी अडवलं नाही.

"कुलूप काढा," ते तबस्सुमला म्हणाले. "आणि तो पहिला भाग. तिथे मी एक शब्द लिहिलाय, तो खोडा."

"आणि तुमची ओळख, सर? काय ठेवू?"

सबनीसांनी कोठीच्या दाराकडे पाहिलं.

"इन्स्पेक्शनचे साहेब," ते म्हणाले, आणि आपल्या पाटावर जाऊन एकटेच बसले.